उंदराने कुरतडलेली एक्स्टेंशनची वायर: टेप मारू नका, कापा

तुम्ही विचारलंय की पाच मीटरच्या एक्स्टेंशन बोर्डाची वायर टॉपापासून (भिंतीत लावायच्या प्लगपासून) हातभर अंतरावर उंदराने कुरतडली आहे, आतलं तांबं दिसतंय, पण बोर्ड चालतोय. तर टेप गुंडाळून वापरला तर चालेल का?

नाही चालणार. पण बोर्ड टाकून द्यायचीही गरज नाही. कुरतडलेला भाग टॉपासकट कापा आणि उरलेल्या वायरला नवीन थ्री पिन टॉप बसवा. वायर हातभर आखूड होईल, एवढंच. टेपचा गोंद उन्हाळ्यात पातळ होतो, टेप सरकते, आणि फरशी पुसताना ओलं फडकं नेमकं तिथेच फिरतं.

तुमच्या प्रश्नातल्या "पण बोर्ड चालतोय" या शब्दांनी मला जास्त काळजी वाटली. बोर्ड चालतोय म्हणजे फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी) शाबूत आहेत, एवढंच कळतं. हिरवी अर्थिंगची वायर तुटली असली तरी दिवा लागतो, मिक्सर फिरतो, काहीच कळत नाही. आमच्याकडे वॉशिंग मशीन अशाच, बाहेरून दुरुस्त करून आणलेल्या एक्स्टेंशनवर चालायचं. पावसाळ्यात ओल्या हाताने मशीनला हात लावला की आईला झिणझिण्या यायच्या. "दमट हवा आहे, होतं असं," म्हणत आम्ही महिनाभर काढला. शेवटी मी टॉप उघडला. हिरवी वायर मुळाशी छाटलेली होती आणि जाड पिनेचा स्क्रू नुसताच कसलेला होता. मशीनच्या आत फेज पत्र्याला टेकली तर तो करंट अर्थिंगमधून जमिनीत जावा आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारी मेन बोर्डावरची बटणं) पडावी, यासाठी ती वायर असते. ती नसेल तर पत्रा जिवंत राहतो आणि करंटला वाट मिळते ती हात लावणाऱ्या माणसातून. तेव्हापासून घरातले सगळे टॉप मीच बसवतो.

आता काम. नुसतं बटण बंद करून भागत नाही, टॉप भिंतीतून काढून हातात घ्या. कुरतडलेल्या जागेच्या पुढे आणखी चार बोटं जाऊन कापा, कारण दातांच्या बारीक खुणा दिसतात त्यापेक्षा लांबवर असतात. नवीन टॉपाच्या झाकणाला भोक असेल तर वायर आधीच त्यातून ओवा, नाहीतर सगळं कसून झाल्यावर पुन्हा सोडावं लागतं. वरचं जाड आवरण चारेक सेंटीमीटर सोला. ब्लेड हलकं फिरवा आणि वायर वाकवा, आवरण आपोआप फाटतं. दाबून कापलं की आतल्या वायरीला चीर जाते. आतल्या तिन्ही वायरींची टोकं सेंटीमीटरभर सोला, तारा पिळून घट्ट करा. एकही तार बाहेर सुटी राहू देऊ नका, ती शेजारच्या पिनेला टेकली की शॉर्ट झालंच.

लाल किंवा तपकिरी वायर 'एल'ला (फेज), काळी किंवा निळी 'एन'ला (न्यूट्रल), हिरवी (किंवा हिरवी-पिवळी) मोठ्या जाड पिनेला. फेज-न्यूट्रल उलटे झाले तर बोर्डाचं बटण बंद असूनही आत फेज राहते. हिरवी वायर बाकी दोघींपेक्षा सेंटीमीटरभर लांब ठेवा. कधी ओढाताण झाली तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. टॉपामधली वायर दाबून धरणारी पट्टी वरच्या जाड आवरणावर बसली पाहिजे, आतल्या रंगीत वायरींवर नाही. नाहीतर प्रत्येक हिसका थेट स्क्रूवर येतो.

झाकण लावल्यावर, टॉप भिंतीत न लावता, मल्टिमीटर बझरवर ठेवा (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो आवाज करतो). जाड पिनेपासून बोर्डाच्या प्रत्येक सॉकेटच्या मोठ्या भोकापर्यंत आवाज यायलाच हवा. मग बोर्डाचं बटण चालू करून, सॉकेटमध्ये काहीही न लावता, दोन लहान पिनांमध्ये तपासा; तिथे सलग आवाज येता कामा नये. कुठल्याही लहान पिनेपासून जाड पिनेपर्यंतही नको. मल्टिमीटर नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून एवढं तपासून घ्या आणि मगच भिंतीत लावा.

६ अँपिअरचा टॉप २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंतचा. १००० वॅटची इस्त्री चालेल. १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड नको, गीझर तर नकोच. पहिल्यांदा इस्त्री लावाल तेव्हा दहा मिनिटांनी ती बंद करा, टॉप भिंतीतून काढा आणि त्याला हात लावून बघा. चांगलाच गरम लागला तर कुठला तरी स्क्रू सैल आहे किंवा भिंतीतलं सॉकेट ढिलं झालंय.

उरलेल्या वायरवरूनही हळूहळू बोटं फिरवा, वाकवून बघा. आणखी एखाद्या ठिकाणी दातांची खूण सापडली किंवा आवरण कडक होऊन तडकत असेल, तर टॉप बदलण्यात अर्थ नाही. बोर्डापर्यंत सगळीच नवी तीन कोअरची (आत तीन वायरी असलेली) वायर घाला.

आणि तो कापलेला जुना टॉप तसाच कचऱ्यात टाकू नका. त्याला हातभर उघडी वायर लोंबते आहे, एखाद्या लहान मुलाने उचलून सॉकेटमध्ये खुपसला तर? पक्कडीने पिना वाकवा, वायर मुळाशी छाटा, मग टाका.