माया होती, आता हाताला शिक्षण हवं

एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात मजकूर असा: ‘माझ्या वडिलांना पक्षाघात झाला आणि १४ महिने ते अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं माझ्या १८ वर्षांच्या मुलानं केलं. उचलणं, भरवणं, अंग पुसणं, शी-शू. रोजची वहीसुद्धा ठेवली. वडील चार महिन्यांपूर्वी गेले. आता मुलगा म्हणतो, रुग्णसेवेचा कोर्स करायचा आहे. गुण चांगले आहेत, कुठेही प्रवेश मिळेल. घरच्या माणसाचं करणं वेगळं, पण परक्यांची शी-शू काढणं हे काय करिअर झालं? त्यातून मुलगा असून? आणि जे काम तो १४ महिने करून बसलाय, त्याचं आणखी शिक्षण ते काय घ्यायचं? आजोबांना उचलून त्याची कंबर आत्ताच धरते. वडिलांचाही शेवटी शेवटी उजवा खांदा फार दुखायचा, हात लावू द्यायचे नाहीत. मुलाची समजूत कशी घालू?’

सप्रेम नमस्कार.

काम येतंच, तर त्याचं शिक्षण कशाला, या तुमच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाकीची उत्तरं बरीचशी त्यातच सापडतील.

वडिलांच्या खांद्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत. पक्षाघातात ज्या बाजूची ताकद जाते, त्या बाजूचा खांदा धरून ठेवणारे स्नायू ढिले पडतात. हात नुसता लोंबत राहतो. अशा माणसाला काखेत हात घालून उचललं किंवा दुबळा हात धरून ओढलं, तर सांधा जागचा सरकू शकतो आणि दुखणं मागे लागतं. घरोघरी माणसं असंच उचलतात, कारण दुसरी पद्धत त्यांना कुणी दाखवलेलीच नसते. मुलाला हे दोष म्हणून सांगू नका. त्याच्या जागी मी असते तर मीही तसंच केलं असतं.

शिकलेला माणूस काय करतो? व्हीलचेअर रुग्णाच्या चांगल्या बाजूला आणून लावतो, ब्रेक घट्ट करतो, रुग्णाची पावलं जमिनीला टेकली आहेत ना ते पाहतो. मग त्याला पुढे झुकायला लावतो, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर यावं. कमरेला बांधलेला पट्टा धरतो, दोघं मिळून तीन अंक मोजतात आणि रुग्ण उठतो. त्याला उचलावं लागत नाही. उठण्यातलं जेवढं काम रुग्णाला स्वतःला जमतं, तेवढं त्याचं त्यालाच करू दिलेलं असतं. त्यात रुग्णाचा खांदा सांभाळला जातो आणि काळजी घेणाऱ्याची कंबरही.

अशा किती गोष्टी सांगू! सदरा घालताना दुबळा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना तो सगळ्यात शेवटी काढायचा. गिळायला त्रास असेल तर साधं पाणी हीच सगळ्यात धोक्याची गोष्ट असू शकते, कारण ते घशात फार लवकर पोचतं आणि श्वासनलिकेत उतरतं. घरचे मात्र ठसका लागला की आणखी पाणीच पाजतात. भरवून झाल्यावर दुबळ्या बाजूच्या गालात घास अडकून राहिलाय का ते पाहायचं आणि रुग्णाला निदान अर्धा तास तरी बसतं ठेवायचं. उशीकडे सरकवताना चादरीवरून ओढायचं नाही, कारण वरची कातडी जागच्या जागी राहते, आतलं मांस सरकतं आणि माकडहाडापाशी जखम तयार होते. नळीला जोडलेली लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खालीच राहिली पाहिजे, खुर्चीत बसवतानासुद्धा. यातलं काहीही मायेनं आपोआप कळत नाही. माया तुमच्या मुलाकडे भरपूर आहे. आता त्याच्या हातांना शिक्षण हवं, एवढंच तो मागतो आहे.

आता शी-शूबद्दल. तो शब्द तुम्हाला खटकतो हे मला कळतं आणि त्यावरून घाईनं पुढे जायची माझी इच्छा नाही. १९६५ साली अमेरिकेत फ्लॉरेन्स महोनी या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल या फिजिओथेरपिस्ट यांनी एक मोजमाप मांडलं. माणूस रोजच्या जगण्यात किती स्वावलंबी आहे, हे दहा गोष्टींवरून ठरवायचं आणि एकूण १०० गुण द्यायचे. जेवण, आंघोळ, कपडे, चालणं, जिने चढणं असं सगळं त्यात आहे. शौचावरचा ताबा, लघवीवरचा ताबा आणि संडासला स्वतः जाता येणं, या तीन गोष्टींना मिळून त्यातले ३० गुण आहेत. या मोजमापाला बार्थेल निर्देशांक म्हणतात आणि पक्षाघातातून माणूस किती सावरला हे पाहायला ते आजही जगभर वापरतात. ज्याला तुम्ही घाण काढणं म्हणता, ते या क्षेत्रात मोजलं जातं, त्याची नोंद होते, त्यावरून पुढचे उपचार ठरतात. लघवीचा रंग गडद झालेला आधी काळजीवाहकाला दिसतो. टाचेवरचा लाल डाग, जो दाबला तरी पांढरा पडत नाही, तोही. डॉक्टर दिवसातून पाच मिनिटं येतात, हा माणूस आठ तास तिथे असतो.

आणि पडदा न ओढता एखाद्याचे कपडे बदलले, तर त्या माणसाच्या मनाचं काय होतं? हेही शिकवावं लागतं. चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना एकमेकांना भरवायला लावतात. दुसऱ्याच्या हातचा चमचा आपल्याला नको तेव्हा तोंडाशी येतो, तेव्हा काय वाटतं ते एकदा अनुभवलं की विसरत नाही.

‘मुलगा असून’ या शब्दांवर फार लिहीत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८च्या अहवालानुसार जगात सुमारे ३८ कोटी माणसं संगोपनाच्या आणि सेवेच्या कामांत आहेत, त्यातले १३ कोटींहून अधिक पुरुष आहेत. आणि अनेक वयस्कर पुरुषांना आंघोळीच्या वेळी शेजारी पुरुषच हवा असतो. तुमच्या वडिलांनी नातवाला करू दिलं, तसं सुनेला करू दिलं असतं का, हे तुम्हीच आठवून पाहा.

पुढे वाट आहे का? आहे. पण पहिल्या पायरीवर पगार कमी असतो, रात्रपाळ्या असतात, सणासुदीलाही ड्युटी लागते. हे झाकून ठेवून मी सल्ला देणार नाही. म्हणूनच त्या पायरीवर किती काळ राहायचं आणि तिथून कुठे जायचं, याचा विचार प्रवेश घेतानाच करायला हवा. काळजीवाहक किंवा नर्सिंग असिस्टंट म्हणून दोन वर्षं काढलेल्या मुलाला आपला कल कळतो. कुणाला नर्सिंगची पदवी घ्यावीशी वाटते, कुणाला फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारे उपचार. आणि या क्षेत्राचा मोठा भाग तर रुग्णालयाच्या बाहेरच आहे: स्मृतिभ्रंश झालेल्यांची दिवसभराची केंद्रं, अपंग मुलांच्या शाळा, मानसिक आजारातून उठलेल्यांना पुन्हा कामाला लावणाऱ्या संस्था, अनाथ मुलांची घरं. तिथे इंजेक्शनपेक्षा ऐकून घेणं जास्त लागतं.

मला इथे सिसिली साँडर्स आठवतात. १९४०मध्ये ऑक्सफर्डचं शिक्षण मध्येच थांबवून त्या लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंग शिकायला गेल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६०मध्ये परिचारिकांसाठी जी शाळा सुरू केली, तीच ही. पाठीच्या दुखण्यामुळे साँडर्सना नर्सिंग सोडावं लागलं. मग त्या रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या, रुग्णांचे घरचे आणि पैशाचे प्रश्न सोडवू लागल्या. पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन १९५७मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. १९६७मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभं केलं आणि मरणाच्या वाटेवरच्या माणसांच्या शुश्रूषेचं आधुनिक शास्त्र तिथून जगभर पसरलं. वेदना शरीराची असते, तशीच मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हे त्या सांगू शकल्या, कारण तिन्ही कामं त्यांनी स्वतः केली होती. खाटेशेजारचं काम त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरलं. आणि कंबर सांभाळली नाही तर काय होतं, तेही या गोष्टीत आहे.

माझी एक शंका मात्र तुमच्यापेक्षा वेगळी आहे. आजोबा जाऊन चारच महिने झालेत. १४ महिने ज्याच्या दिवसाला एका माणसामुळे आकार होता, त्याचा दिवस आता एकदम रिकामा झाला आहे. कधी कधी ती पोकळी भरायलाच मुलं हा मार्ग धरतात आणि पहिला अनोळखी रुग्ण खेकसला की कोसळतात. आजोबा त्याच्यावर प्रेम करत होते. परका माणूस त्याचं नावही लक्षात ठेवणार नाही, स्मृतिभ्रंश असेल तर चावेलसुद्धा. म्हणून प्रवेशाआधी त्यानं एखाद्या वृद्धाश्रमात किंवा दिव्यांगांच्या केंद्रात महिनाभर स्वयंसेवक म्हणून जावं. रोज संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही त्याला ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, ‘आज कुणाशी बोललास’ असं विचारा. महिन्याच्या शेवटीही त्याच्याकडे सांगायला माणसं असली, तर माझी शंका मी मागे घेईन.

मग कोर्स. इमारत आणि जाहिरात बघून ठरवू नका. एका संस्थेत मी चौकशीला गेले होते, तिथे सरावासाठी आणलेल्या पुतळ्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं आणि दोन तुकड्या मात्र प्रमाणपत्रं घेऊन बाहेर पडल्या होत्या. त्या मुलांना उद्या कुणाच्या तरी आईला कुशीवर वळवायचं आहे, हा विचार मला कितीतरी दिवस सोडत नव्हता. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: एकूण तासांपैकी प्रत्यक्ष रुग्णापाशी किती तास, आणि त्या वेळी शिकवणारं माणूस शेजारी उभं असतं का? नुसतं रुग्णालयात पाठवलं आणि तिथे मुलांना फुकटचे मदतनीस म्हणून राबवलं, तर ते शिक्षण नव्हे. परीक्षा कागदावर होते, की समोर करून दाखवावं लागतं? प्रमाणपत्राला सरकारमान्यता आहे का, आणि पुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना ते धरलं जातं का, हे संस्थेच्या तोंडी आश्वासनावर न ठेवता मान्यता देणाऱ्या मंडळाकडूनच तपासा. मागच्या तुकडीतल्या दोघा-तिघांना भेटा. ते कुठे काम करतात यापेक्षा अजून या कामात आहेत का, ते विचारा.

कंबरेचं दुखणं आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. या कामात सगळ्यात जास्त झिजतं ते हेच, आणि दुखत्या कमरेनं सुरुवात करू नये. हिपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर तीही आत्ताच सुरू करा. नेहमीच्या वेळापत्रकात तिच्या तीन मात्रा असतात, दुसरी महिन्यानं आणि तिसरी सहाव्या महिन्यात. रक्ताशी संबंध येणाऱ्या कामाला लागण्याआधी त्या पूर्ण झालेल्या बऱ्या.

आणि ती वही. किती पाणी प्यायले, कधी कूस बदलली, कधी चिडले, हे एका मुलानं कुणीही न सांगता १४ महिने लिहून ठेवलं. नोंद ठेवायची सवय लावायला शिक्षकांना फार कष्ट पडतात. ती वही रद्दीत जाऊ देऊ नका. प्रवेशाच्या मुलाखतीला जाताना त्यानं ती बरोबर न्यावी, फक्त आजोबांचं नाव लिहिलेल्या पानावर आधी कागद चिकटवावा. रुग्णाचं नाव बाहेर दाखवायचं नसतं. कारण विचारलं तर हेच सांगू दे.