लोह पकडण्यासाठी मातीतले जिवाणू सोडतात तो पीडीटीसी हा रेणू कार्बन टेट्राक्लोराइड (क्लोरीन असलेलं विषारी द्रावक) कसं मोडतो?

तांब्याच्या जोडीने, लोहाच्या नव्हे. स्यूडोमोनास स्टुट्झेरी केसी या जिवाणूला लोह कमी पडलं की तो पीडीटीसी बाहेर सोडतो. या रेणूतला एक नायट्रोजन आणि दोन गंधक अणू धातूला चिमट्यासारखं धरतात. त्याच चिमट्यात तांबं आलं की कार्बन टेट्राक्लोराइडमधला क्लोरीन सुटतो आणि मुख्यतः कार्बन डायऑक्साइड उरतो. खरं मोल यातच आहे, कारण इतर बरेच जिवाणू विषारी क्लोरोफॉर्म मागे ठेवतात. अमेरिकेत मिशिगनमधल्या स्कूलक्राफ्ट गावी याच द्रावकाने दूषित भूजलात हा जिवाणू सोडून ते सिद्धही झालंय. मात्र लोह मुबलक असेल तर पीडीटीसी बनतच नाही, म्हणून तिथे आधी पाणी अल्कधर्मी करून विरघळलेलं लोह कमी करावं लागलं.