डेशियन, दाकियन की दाचिया? आणि चमच्यातला च

प्रश्न असा आलाय: युरोपातल्या डॅन्यूब नदीच्या उत्तरेला, आजच्या रुमानियात, रोमनांशी लढलेल्या त्या जुन्या लोकांना मराठीत डेशियन म्हणायचं की दाकियन, 'गेते' म्हणजे तेच का, आणि 'डॅसिया' नावाच्या गाडीशी त्यांचा काही संबंध आहे का.

पहिलं पटकन उरकतो. डेशियन हा इंग्रजांचा उच्चार आहे, तो त्यांना लखलाभ. लॅटिनमध्ये देशाचं नाव दाकिया आणि लोक दाकी. आपल्याकडे दा आहे, कि आहे, या आहे, सगळं घरात असताना लंडनला वळसा घालून शब्द आणायची हौस कशाला ते मला आजवर कळलेलं नाही. इतिहासाचे मराठी व्हिडिओ करणारे तर एकाच दमात डेशियन, डॅशियन, डाशियन तिन्ही म्हणून मोकळे होतात, कुठला तरी एक बरोबर असेलच या हिशोबाने, आणि नेमका एकही नसतो.

गाडीचा संबंध अगदी थेट आहे. रुमानियाची कंपनी, 1966 साली पितेश्ती शहराजवळ सुरू झालेली, आधी रेनोच्या लायसन्सवर गाड्या काढायची, मग 1999 मध्ये रेनोनेच विकत घेतली. नाव ठेवलं ते प्राचीन दाकियावरूनच. आपल्याकडे 2012 ला आलेली डस्टर तिकडे दाचिया डस्टर म्हणून विकतात. आणि त्याआधीची लोगन, जी महिंद्राने रेनोबरोबर नाशिकला काढली आणि पुढे व्हेरिटो झाली, तीही मूळची दाचियाच, त्यामुळे 'ऐकलंच नाही हे नाव' म्हणणाऱ्यातले निम्मे त्या गाडीत टॅक्सी म्हणून बसून आलेत. उच्चार दाचिया. डॅसिया नाही.

आता खरी मजा. दाकियाचं दाचिया झालं कसं? बहुतेक जण सांगतात, सोप्पंय, लॅटिनच्या क पुढे इ किंवा ए आला की रुमानियनमध्ये च होतो. बरोबर आहे. लॅटिन 'केना', म्हणजे रात्रीचं जेवण, रुमानियनमध्ये 'चिना' होतं, चिमणीतला च. पण हे अर्धंच झालं. क च्या मागोमाग इ आणि त्याला लगटून लगेच दुसरा स्वर आला, म्हणजे 'किया' असं काही असलं, तर लोकांच्या तोंडी घासत घासत त्याचा च होतो तो चमच्यातला, चांगल्यातला, दातांवरचा. बोली लॅटिन 'फाकिया', चेहरा, त्याचं रुमानियन 'फाच', चमच्यातला च आणि शेवटी पुसट अ. बर्फाच्या 'ग्लाकिया'चंही तेच, शेवटी पुन्हा चमच्याचाच च. रुमानियन लिपीत या दोन च साठी दोन वेगळी अक्षरं आहेत, आपण मराठीत एकाच अक्षरात दोन्ही कोंबतो, पण कानाला दोन्ही जन्मापासून ठाऊक असतात, त्यामुळे ही गोष्ट मराठी माणसाला जितकी चटकन कळेल तितकी इंग्रजाला कळायची नाही.

मग हिशोब करा. दाकिया हे नाव जर खरंच आजीकडून नातीकडे असं तोंडोतोंडी आलं असतं तर आज ते 'दाच' झालं असतं, चमच्यातल्या च चं. पण ते आहे दाचिया, चिमणीतल्या च चं, शेपटीचा 'इया' जसाच्या तसा शाबूत. म्हणजे हे नाव पुस्तकातून उचललेलं आहे. त्या मातीत ते मेलं होतं, शिकलेल्या मंडळींनी नंतर पुन्हा जिवंत केलं. 'दोन हजार वर्षं आम्ही हे नाव जपलं' असं छाती फुगवून सांगणारे जे देशभक्त अभ्यासक तिकडे आहेत त्यांनी या एका च चं उत्तर द्यावं, मी ऐकायला बसलोय.

आणि मेलं यात नवल नाही. रोमन सम्राट ट्राजनने दाकींशी दोन युद्धं केली, 101-102 आणि 105-106, मधल्या काळात दमास्कसच्या अपोलोदोरस या वास्तुकाराकडून डॅन्यूबवर किलोमीटरहून लांब पूल बांधून घेतला, सार्मिझेगेतुसा राजधानी पाडली, राजा देकेबालने पकडलं जाण्याआधी स्वतःचा गळा चिरला. त्याचं मुंडकं ट्राजनकडे नेणारा घोडेस्वार तिबेरियस क्लाउडियस मॅक्सिमस, त्याच्या थडग्यावर हा पराक्रम कोरलेला आहे, तो दगड 1965 मध्ये ग्रीसमध्ये फिलिपीजवळ सापडला. पुढे 271 च्या सुमारास सम्राट ऑरेलियनने सैन्य मागे घेतलं, पण नाक कापलं जाऊ नये म्हणून नदीच्या दक्षिणेला नवा प्रांत काढून त्यालाच दाकिया नाव दिलं. म्हणजे नावाने घर सोडलं ते तेव्हाच.

नंतर ते कुठे गेलं ऐका. डेन्मार्कला! मध्ययुगीन लॅटिनमध्ये दाकिया म्हणजे बिनधास्त डेन्मार्क. दानिया आणि दाकिया कानाला जवळ, भूगोल कच्चा, झालं. तेराव्या शतकात पॅरिसला शिकवणारा 'दाकियाचा बोएथियस' डेनिश होता, आणि गंमत म्हणजे पट्टीचा व्याकरणकार, त्याचा दाकींशी काडीचा संबंध नाही. डोमिनिकन साधूंच्या संघटनेत अख्ख्या स्कँडिनेव्हियाचा विभाग दाकिया नावाने चालायचा. आणि खुद्द डॅन्यूबकाठी? तिथल्या लोकांनी स्वतःला जिंकणाऱ्याचं नाव लावून घेतलं, रोमन, रुमानियन. 1840 मध्ये याश शहरात लेखक कोगल्निचानूने 'दाचिया' नाव घालून मासिक काढलं, 1866 च्या घटनेत देश मात्र रोमानियाच झाला, राष्ट्रगीतात आजही ट्राजनचं नाव आहे, देकेबालचं नाही. कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूने 1980 मध्ये दाकी राज्याची 2050 वर्षं साजरी केली, राजा बुरेबिस्ताच्या नावाने, तेव्हा कुठे बिचाऱ्यांना मान मिळाला, तोही पक्षाच्या परेडमध्ये.

मूळ शब्दाचा अर्थ विचारलेला नाही तरी सांगणारच. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्त्राबो म्हणतो की दाकींना पूर्वी 'दाओइ' म्हणत. आणि हेसिखियसच्या ग्रीक कोशात एक नोंद आहे: दाओस, फ्रिजियन भाषेत (आजच्या तुर्कस्तानातली एक जुनी भाषा) लांडगा. यावरून रुमानियन धर्म-अभ्यासक मिर्चा एलियादे (हेच ते, तरुणपणी कलकत्त्यात सुरेंद्रनाथ दासगुप्तांकडे शिकलेले) यांनी तरुण योद्ध्यांची लांडगा-टोळी, दीक्षाविधी, असा मोठा डोलारा उभा केला. डोलारा मला मान्य नाही, फ्रिजियन कोशातल्या एका ओळीवर दाकी जमातीचा अख्खा धर्म उभा करणं म्हणजे अतिच झालं. पण लांडगा मला हवाय. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर दाकींचं निशाण जवळून बघा: लांडग्याचं जबडा उघडलेलं डोकं, मागे सापासारखी शेपटी, वारा आत शिरला की ती फुगणार. शिवाय या शब्दामागच्या मूळ क्रियाधातूचा अर्थ 'गळा दाबणे' धरला तर शेजारी पुरावे आहेत, रशियनमध्ये 'दवीत' म्हणजे दाबणे, आणि फ्रिजियाशेजारच्या लिडियाचा राजा कांदाउलेस, ज्या नावाचा अर्थ कवी हिप्पोनाक्स सरळ 'कुत्र्याचा गळा दाबणारा' असा देतो. लांडगा म्हणजे गळा धरणारा. इतकी सुंदर व्युत्पत्ती सोडून जे लोक डॅगर, म्हणजे खंजीर, या शब्दापासून सुरुवात करतात त्यांना काय म्हणावं, उलट काही कोशकार डॅगरच दाकीवरून आला असेल म्हणतात!

आणि हो, डॅन्यूब म्हणजे दानव, म्हणून दाकी म्हणजे दक्षाची प्रजा, हे फॉरवर्ड कृपया मला पाठवू नका. नदीच्या नावाचं ऋग्वेदातल्या 'दानु'शी आणि अवेस्तातल्या नदीवाचक 'दानु'शी नातं खरं आहे, डॉन नदीही त्यातलीच. दक्ष त्यात कुठेच नाही.

गेते राहिले. स्त्राबोच्या मते गेते आणि दाकी एकच भाषा बोलत, ग्रीकांना काळ्या समुद्राकडचे आधी भेटले म्हणून त्यांनी गेते धरलं, रोमनांनी दाकी. रोमन इतिहासकार दिओ कासियस तर स्पष्ट लिहितो की ते स्वतःला दाकीच म्हणवतात. अथेन्सच्या लोकांनी दोन्ही नावं वापरली, गुलामांना हाक मारायला: गेतास आणि दाओस, तिथल्या नाटकांत नोकर हमखास दाओस. भाषेचं म्हणाल तर हातात व्यक्तींची नावं, 'दावा' शेपटीची गावं आणि वैद्यकीय ग्रंथांतली काही झाडपाल्याची नावं, एवढंच. इसवी सन 8 मध्ये हद्दपार होऊन तोमिसला, आजच्या कॉन्स्तांत्साला, पोचलेला रोमन कवी ओव्हिड लिहितो की मी गेती भाषेत एक काव्य केलं, आणि ते सांगताना त्याला चक्क लाज वाटते. लाज कसली वाटायची त्यात, दोन ओळी पत्रात घातल्या असत्या तर आमची अर्धी भांडणं मिटली असती.