भरतीचं भाषण लिहायच्या आधी

अरे, तुझा मेसेज वाचला. भरतीच्या कामावर लागलास, आता पोरांपुढे उभं राहून बोलायचंय आणि काय बोलू ते सुचत नाही म्हणतोस. आधी विली रेडमंडबद्दल वाच.

आयरिश खासदार. तरुणपणी इंग्रज सरकारने तुरुंगात टाकलेला माणूस, आणि हाच 1914 मध्ये ब्रिटिश सैन्यात चला म्हणून सांगत फिरत होता, विचित्र वाटतं ना? त्याचा हिशोब असा की होमरूलचा, म्हणजे आयर्लंडला आपला कारभार आपण बघू देणारा कायदा पास झालाय, फक्त युद्ध संपेपर्यंत थांबवलाय, मग आत्ता आपण आणि होमरूलला विरोध करणारे उत्तरेकडचे अल्स्टरवाले शेजारी शेजारी लढलो तर उद्या घरचं भांडणही मिटेल.

कॉर्कला एका हॉटेलच्या खिडकीतून बोलला तो. म्हणणं एवढंच की मी तुम्हाला जा म्हणत नाही, केस पिकलेत माझे तरी माझ्याबरोबर चला म्हणतो. आणि गेला की खरंच, पन्नाशी उलटल्यावर! वय बघून वरच्यांनी मागे ठेवलं तर गळ घालून परत पुढे आला. 7 जून 1917, बेल्जियममधलं मेसीन, पहाटे 3:10 ला 19 सुरुंग उडाले आणि हा 56 वर्षांचा माणूस पोरांबरोबर खंदकाबाहेर पडला. हाताला लागलं, पायाला लागलं, एखादा तरणा गडी कदाचित वाचला असता, हा त्याच दिवशी गेला. त्याला उचलून नेणारे अल्स्टर डिव्हिजनचे, म्हणजे ज्यांच्याशी राजकारणात जन्मभर वाकडं तेच.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून सगळ्यांचे डोळे भरून येतात, माझेही आलेले. पण पुढचं बघ. 1916 च्या ईस्टरला डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला, त्यानंतर त्याच्या पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या तेव्हाच लोकांचं मन फिरलं होतं. रेडमंडची ईस्ट क्लेअरची खासदारकीची जागा रिकामी झाली आणि महिन्याभरानंतर तिथे डी व्हॅलेरा निवडून आला, त्याच उठावातला, 5,010 मतं विरुद्ध 2,035. होमरूल त्या रूपात कधी आलंच नाही.

म्हणजे बघ, बरोबर येतो म्हणाला ते त्याने पाळलं, ते त्याच्या हातातलं होतं. पण युद्धानंतर काय मिळेल ते लंडनच्या हातात होतं ना, आणि पोरं दोन्ही ऐकून गेली.

रविवारपर्यंत ड्राफ्ट पाठव. जे द्यायचं तुझ्या हातात नाही त्या वाक्यांखाली रेघ मारून पाठव, मग बोलू.