विचारू नकोस, थांब

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

"दिवसभर लोकांच्या मुलांना बोलतं करते आणि घरी माझाच मुलगा गप्प" हे तुझं, माझ्यासारख्याच एका स्पीच थेरपिस्टचं, वाक्य वाचून वाईट वाटलं. पण तू पाठवलेला 4 मिनिटांचा व्हिडिओ बघताना त्याहून जास्त चिडचिड झाली, म्हणून तीच आधी लिहिते.

मुलगा 2 वर्षं 4 महिन्यांचा, शब्द तीसेक, दोन शब्द अजून जोडत नाही. व्हिडिओत तो खेळण्यातली गाडी उलटी करून बोटाने चाक फिरवतोय. तू विचारतेस, "हे काय आहे? कुठला कलर आहे? गाडी कशी करते? आजीला सांग ना!" "गाडी कशी करते?" यावर तो चाक थांबवतो, तुझ्याकडे बघतो, ओठ मिटतो, "ब्" इतकंच ऐकू येतं आणि तेवढ्यात तुझं पुढचं वाक्य येतं. तो पुन्हा चाकाकडे वळतो. तेवढा तुकडा परत लावून बघ. त्याची बोलायची तयारी झाली होती, तू वेळ दिला नाहीस.

विचारू नकोस. थांब.

या वयाच्या मुलाला तुझा प्रश्न समजून घ्यायचा असतो, त्यासाठी शब्द शोधायचा असतो आणि जीभ-ओठ त्या शब्दासाठी जुळवायचे असतात. याला काही सेकंद लागतात. मोठी माणसं जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा प्रश्न बदलतात. बदललेला प्रश्न म्हणजे त्याच्यासाठी पहिल्यापासून सुरुवात. शिवाय "हे काय?"चं उत्तर तुला माहीत आहे हे त्यालाही कळतं. अशा गप्पा कोण मारेल?

तर जमिनीवर बस, त्याच्या समोर, डोळ्यांना डोळे भिडतील अशी. तो कशात रमलाय ते बघ. मग त्याच गोष्टीबद्दल एक छोटं वाक्य बोल: "चाक फिरतंय." आणि तोंड मिटून मनात 10 पर्यंत मोज. भुवया वर, शरीर किंचित पुढे, म्हणजे आता त्याची पाळी हे त्याला कळेल. त्याने नुसतं बघितलं, हात पुढे केला, "आ" केलं, तरी ती त्याची पाळी झाली. तो "चाक" म्हणाला तर तू "चाक थांबलं" म्हण. एकाच शब्दाची भर घाल. "पाणी"ला "थंड पाणी" पुरतं, "राजाला थंडगार पाणी पाहिजे का ग्लासमधून?" नको. प्रश्न अगदीच विचारावासा वाटला तर आधी 4 वाक्यं बोल, मग एक विचार, आणि तोही खरा: केळं आणि बिस्कीट दोन्ही हातांत धरून, "केळं की बिस्कीट?"

इथे एक चूक हमखास होते, शिकलेल्या आया तर जास्तच करतात. थांबायचं म्हणजे अडवायचं असं समजतात. "आधी बोल, मग देते" म्हणून बिस्कीट वर धरायचं, मूल रडेपर्यंत. हे करायचं नाही. 10 झाले, तो बोलला नाही, की तूच "बिस्कीट" म्हण आणि देऊन टाक. देताना शब्द कानावर पडला, काम झालं.

थांबायला जागा घरभर आहेत, त्यासाठी वेगळी फ्लॅशकार्डं लागत नाहीत. खाऊ घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेव आणि डबा त्याच्या हातात दे. अंघोळीला एक तांब्या ओत, दुसरा भरून वरच धर. साबणाचे फुगे एकदा उडवून नळी बंद कर. रोजच्या बडबडगीताचा शेवटचा शब्द सोडून दे. प्रत्येक ठिकाणी मनात 10 मोज. दिवसातून 10-10 मिनिटं तीनदा एवढंच नेमाने कर. बाकी वेळ साधी आई राहा.

उच्चारांच्या मागे आत्ता लागू नकोस. "कावळा"चं "तावला" या वयात होतंच. र आणि ळ तर आणखी उशिरा येतात. पुढे तो तुझं ऐकून "मी जाते" म्हणेल, कारण दिवसभर घरात "मी करते, मी येते" हेच त्याच्या कानावर असतं. "जाते नाही, जातो म्हण" असं करू नकोस. "हो, तू जातोस. बाबा पण म्हणतो, मी जातो" एवढं सहज बोल आणि पुढे चल. प्लेग्रुप इंग्रजी आहे म्हणून घरची मराठी सोडायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाक. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. पण आई मोडक्या इंग्रजीत बोलायला लागली की तिचं बोलणंच आटतं.

आता दुसऱ्या थांबण्याबद्दल. सासूबाई म्हणतात, त्याचा बाबाही तिसऱ्या वर्षीच बोलला, थांबा जरा. हे थांबणं मला मान्य नाही. 10 सेकंद थांबायचं, 10 महिने नाही! दोन वर्षांच्या आसपास 50 शब्द आणि दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते, तो मागे आहे. हाक मारली की वळतो, ही कानाची तपासणी होत नाही. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी राहिलं तर हाक ऐकू येते, पण हळू आवाजातलं बोलणं अर्धवट पोचतं. ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते बघणारी चाचणी) आणि टिंपॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का ते बघणारी) करून घे, ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, सांगितलं तर बेराही (आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघणारी). बोट दाखवणं नसेल, नावाला प्रतिसाद नसेल किंवा आलेले शब्द कधीही गेले, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी. तुझ्याकडे येणाऱ्या ज्या पालकांना खाजगी खर्च झेपत नाही त्यांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा पत्ता दे. हा कार्यक्रम 2013 पासून आहे, तरी किती घरांना माहीतच नाही. चार-चार वर्षांची मुलं जिभेवर वेखंड घासून घासून, "मुलगे उशिराच बोलतात" ऐकत ऐकत आपल्या दारात येतात, तेव्हा फार जीव तुटतो.

मी पालकांना सेशनमध्ये आत बसवते, बाहेर बाकावर बसू देत नाही, म्हणून मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. आठवड्यात 45 मिनिटांची दोन सेशन्स म्हणजे दीड तास. मूल जागं असतं 80 तासांच्या वर. आम्हीच करायचं तर फी कशाची, असंही विचारतात. फी त्यांचे हे 80 तास बदलण्याची असते. ज्या आईला 10 सेकंद गप्प बसता येत नाही तिच्या मुलाला माझ्या कपाटातली खेळणी कितीही चांगली असोत, उपयोग नाही. तू हे पालकांना रोज सांगत असशील, म्हणूनच तुला इतकं कडक लिहिते आहे.

आणि रात्री वहीत शब्द मोजणं बंद कर. त्याचं मूल्यमापन तू करायचं नाहीस. तुझ्या आजूबाजूला असलेल्या एखाद्या सहकारी थेरपिस्टकडे रीतसर अपॉइंटमेंट घे, फॉर्म भर आणि त्या 45 मिनिटांत फक्त आई म्हणून बस. 6 आठवड्यांनी त्याने किती शब्द म्हटले यापेक्षा स्वतःहून किती वेळा तुझ्याकडे वळला हे ती बघेल, आणि तिचं मत तुझ्या मताविरुद्ध गेलं तर तिचंच ऐकायचं.

तुझी,
मॅडम