आठवड्याला दोन तास खेळणाऱ्याने स्पेस गेमच्या अपडेट्सचं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की नोकरी, घर, लहान मूल सांभाळून आठवड्याला जेमतेम दोन-तीन तास ऑनलाइन स्पेस गेम खेळायला मिळतात आणि दर अपडेटला आपण मागे पडलो असं वाटतं, तर हे अपडेट आपल्यासारख्यांसाठी असतात तरी का?

मी पण त्यातलाच, शनिवारी रात्री सगळे झोपले की हेडफोन लावून बसणारा. माझं म्हणणं असं की नवीन ग्रह आले, नवीन यानं आली तर आपलं काही बिघडत नाही, बघितली तर बघितली. बिघडतं कधी, तर हाताला बसलेली सवय मोडते तेव्हा. रोज खेळणारा ती दोन दिवसात परत लावून घेतो, आपले तेवढ्यात दोन महिने जातात.

नो मॅन्स स्कायचंच घ्या. 2016 ला आला तेव्हा यान उडवायला प्लुटोनियम लागायचं, लाल स्फटिक, दिसले की फोडायचे आणि टाकीत टाकायचे. जुलै 2018 मध्ये नेक्स्ट अपडेट आला आणि साहित्याची यादीच बदलली, लोखंडाच्या जागी फेराइट डस्ट, प्लुटोनियमच्या जागी डाय-हायड्रोजन, आणि ते पण थेट टाकीत नाही, मेटल प्लेटिंग घालून आधी लाँच फ्युएल बनवायचं. मी मधे बरेच महिने गेम उघडलाच नव्हता, पॅच नोट्स, म्हणजे अपडेटमध्ये काय बदललं त्याची यादी, वाचायचा तर प्रश्नच नाही. यान जमिनीवर, टाकी रिकामी, आणि मी अर्धा तास लाल स्फटिक शोधत ग्रहभर हिंडतोय, निळे पायाशी पडलेत त्यांच्याकडे बघत पण नाही. बायको पाणी प्यायला उठली, म्हणाली एवढं काय चाललंय, म्हटलं पेट्रोल शोधतोय. चूक माझीच होती, पण त्या शनिवारचा खेळ तेवढाच झाला.

आता खरं सांगायचं तर याच गेमने आपल्यासारख्यांचं भलं पण खूप केलंय. इतक्या वर्षांत सगळे मोठे अपडेट फुकट, आणि 2022 च्या वेपॉइंट अपडेटपासून आधीपासून चालू असलेल्या खेळात (सेव्हमध्ये) सुद्धा अवघडपणा हवा तसा कमीजास्त करता येतो. मी बिनधास्त कमी केलाय, लाज कसली त्यात. फक्त 2021 पासून ज्या एक्सपिडिशन, म्हणजे ठरलेली कामं करून बक्षिसं मिळवायच्या मोहिमा, असतात त्या ठराविक आठवड्यांपुरत्या, त्या हुकल्या की जीव हळहळतो. वर्षाच्या शेवटी बऱ्याचशा परत लावतात, म्हणून मी तोपर्यंत थांबतो.

ईव्ह ऑनलाइन वेगळं प्रकरण. तिथे स्किल घड्याळाप्रमाणे शिकलं जातं, तुम्ही झोपलात तरी, म्हणजे ही गोष्ट आपल्या सोयीची (फुकट खात्याला 50 लाख पॉइंटपर्यंतच हां). रोजचा सर्व्हर बंद व्हायचा टाइम आपल्याकडे दुपारी साडेचारचा, तेव्हा आपण तसेही ऑफिसात. पण जुलै 2019 मध्ये त्यांनी नलसेकमध्ये, म्हणजे जिथे पोलीस नाहीत आणि कोणीही कोणालाही मारू शकतो त्या भागात, लोकल चॅटमधली नावांची यादी घालवली, ब्लॅकआउट म्हणतात त्याला. आधी त्या सूर्यमालेत कोण शिरलं ते त्या यादीत लगेच दिसायचं, नंतर दर काही सेकंदांनी स्वतः स्कॅनर दाबत बसायचं. मांडीवर पोर घेऊन हे जमणार आहे का कोणाला? खेळणारे घटले आणि सप्टेंबरात यादी परत आली.

एलिट डेंजरसमध्ये पण मे 2016 च्या इंजिनियर्स अपडेटनंतर कॉम्प्युटरची यानं अशी काही मारायला लागली की साधा माल वाहणारा बिचारा वाटेतच संपायचा. नंतर कळलं की बगमुळे शस्त्रांचे गुण एकमेकांत मिसळून भलतीच हत्यारं तयार झाली होती, मग ती काढून घेतली. म्हणजे पहिल्याच दिवशी जे खेळले त्यांनी मार खाल्ला, आठवडाभर उशिरा आलेल्याला पत्ता पण नाही लागला, म्हणून मोठ्या अपडेटच्या आठवड्यात मी गेम उघडतच नाही. डाउनलोड तेवढं शुक्रवारी रात्री लावून झोपतो, नाहीतर दोन तासातला एक तास ती निळी पट्टी बघण्यात जातो.

पॅच नोट्स सगळ्या वाचू नका, डोकं फिरेल. इंधन, बटणं आणि आपल्याकडे जे यान आहे त्याचं नाव, एवढंच शोधायचं.

आणि एक, हसाल तुम्ही, पण मी बंद करताना एका वहीत दोन ओळी लिहून ठेवतो, कुठे आहे आणि काय चालू होतं ते. पोराच्या जुन्या चित्रकलेच्या वहीची मागची पानं आहेत. परवाची नोंद: 'यान स्टेशनात, टाकी फुल, माल विकला, तांब्याचा ग्रह डावीकडचा, उजवीकडे जाऊ नकोस.'