‘मला काही होत नाही’

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. उत्तर दोन ओळींत भागणारं नव्हतं, म्हणून हे पत्र. बाबांच्या धमनीत ती उघडी ठेवणारा जाळीचा स्टेंट बसला, ते घरी आले, दोन वेळचं नीट जेवायला लागले, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण शेवटी तू जे विचारलंस ते रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. ‘मावशी, मी २७ वर्षांचा. मला काही होत नाही. आत्तापासून बघायचं की चाळिशीनंतर बघितलं तरी चालेल?’

‘मला काही होत नाही.’ एकतीस वर्षं ईसीजीच्या खोलीत काढली, तिथे हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नाही. म्हणणारे खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच काही होत नसतं. पण हृदयाच्या बाबतीत ‘काही होत नाही’ म्हणजे ‘काही नाही’ असं धरून चालता येत नाही. एवढी एक गोष्ट तुझ्या मनात पक्की बसावी, म्हणून मी हे सगळं लिहिते आहे.

कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली छापून आला होता. सरासरी वय २२. अंगापिंडाने धडधाकट, रोज मैलोन्‌मैल चालणारी मुलं. त्यांच्यापैकी ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा सापडल्या. कुणाच्या भिंतीवर नुसती चरबीची रेघ, तर काहींची धमनी चांगलीच अरुंद झालेली. तुझ्याहून पाच वर्षांनी लहान होती ती मुलं.

हे होतं कसं, ते नीट समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. हृदय दिवसाला साधारण १ लाख वेळा आकुंचन पावतं. त्याला स्वतःलाही रक्त लागतं, आणि ते पुरवणाऱ्या मुख्य धमन्या आतून जेमतेम ३-४ मिलिमीटरच्या असतात. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला लोक वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात, ते जास्त असलं की या धमन्यांच्या अस्तरातून आत शिरतं आणि भिंतीत साठतं. बीपी, साखर आणि तंबाखू ते अस्तर दुखावतात, मग शिरकाव आणखी सोपा होतो. शरीराच्या पांढऱ्या पेशी ती चरबी खायला येतात आणि खाऊन खाऊन तिथेच मरतात. असा थर वर्षानुवर्षं वाढत जातो. आणि इथेच गफलत होते. सुरुवातीला थर वाढला तरी धमनी बाहेरच्या बाजूला फुगून त्याला जागा करून देते. आतली वाट मोकळीच राहते, रक्त पुरेसं जातं, जिने चढताना धाप लागत नाही. माणूस म्हणतो, मला काही होत नाही.

मग एके दिवशी त्या थरावरचं पातळ आवरण फाटतं. शरीराला वाटतं जखम झाली, आणि तिथे काही मिनिटांत रक्ताची गुठळी धरते. हार्ट अटॅक बहुतेक वेळा असा येतो. पुष्कळदा तर ज्या जागी तो येतो, तिथला अडथळा आदल्या दिवसापर्यंत निम्मासुद्धा नसतो. म्हणून ‘गेल्या महिन्यातच ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल आली होती’ असं सांगणारी घरची माणसं मला भेटायची. चालत्या पट्ट्यावर भरभर चालवून ईसीजी काढतात ती ही टेस्ट, तीही खोटी नसायची. वाट अरुंद झाली आहे का, एवढंच ती सांगते. भिंतीत काय साठलंय ते तिला दिसत नाही.

तेव्हा जाणवण्यावर विसंबू नकोस, आकड्यांवर विसंब. सगळ्यांत आधी बीपी. एके काळी वयाबरोबर बीपी वाढायचंच, असं पुष्कळ डॉक्टरही धरून चालत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी वर्षानुवर्षं चढत गेलं आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशीची नोंद होती ३०० वर १९०. तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात ५,२०९ धडधाकट माणसांची तपासणी सुरू झाली आणि त्यांना पुढे आयुष्यभर तपासत राहायचं ठरलं. कुणाला हृदयविकार होतो आणि त्याआधी त्याच्यात काय वेगळं असतं, ते त्यातून कळत गेलं. ‘रिस्क फॅक्टर’ हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द रुळला तो याच अभ्यासामुळे.

मोजायचं कसं तेही सांगते, कारण चुकीचं मोजलेलं बीपी न मोजण्याइतकंच फसवतं. लघवीला जाऊन ये. अर्धा तास आधी चहा, कॉफी, सिगारेट काही नको. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, एकावर एक न टाकता, पाच मिनिटं नुसता बस. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. पट्टा उघड्या दंडावर बांध, बाहीवरून नको. मशीन चालू असताना बोलू नकोस. मिनिटभर थांबून पुन्हा मोज. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं घे आणि ज्या हाताचं जास्त येईल तोच हात पुढे कायम ठेव. १२०/८० च्या आत असेल तर उत्तम. पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा वर आलं तर डॉक्टरकडे जायचं, वय कितीही असो. मधे कुठे असेल तर आत्ताच सवयी बदलायची वेळ आहे. माझ्या मते तुझ्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी हे करावं.

दुसरा आकडा कोलेस्टेरॉलचा, आणि तुझ्या बाबतीत तो टाळून चालणार नाही. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, किंवा आईला, बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो घराण्याचा इतिहास धरतात. बाबा ५२ चे. म्हणजे तू त्यात बसतोस. काही घरांत एलडीएल जन्मापासूनच खूप जास्त असतं, साधारण अडीचशे माणसांत एकाला. ते कितीही चाला, कितीही पथ्य करा, पुरेसं उतरत नाही, औषध लागतं. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. एलडीएलबरोबर लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीचा कण, आयुष्यात एकदा तपासून घे, ते बहुतांशी आनुवंशिक असतं. साखरेसाठी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी. आणि एक साधी शिवणकामाची टेप आणून कमरेचा घेर मोज. तो उंचीच्या निम्म्याहून कमी हवा.

घराण्याचा इतिहास ऐकून घाबरू नकोस. २००४ मध्ये ५२ देशांतल्या माणसांचा एक मोठा अभ्यास छापून आला, इंटरहार्ट नावाचा. पहिल्या हार्ट अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी बांधलेला आहे, आणि त्या नऊही मोजता येतात किंवा बदलता येतात, असं त्यात दिसलं. यातलं बरंचसं आपल्या हातात आहे. म्हणून तर मी एवढं लिहिते आहे.

त्या नऊंमध्ये तंबाखू अगदी वरच्या ओळीत. तू ‘कधीतरी, मित्रांबरोबर’ ओढतोस ते मला माहीत आहे. रागवत नाही, पण ऐक. हृदयाला ‘कधीतरी’ कळत नाही. दिवसाला एक सिगारेट ओढली तरी जादा धोका विसावा हिस्सा होत नाही, वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्म्यापर्यंत जातो. उलट बाजूने चांगली बातमी अशी, की सोडल्यावर एका वर्षात तो जादा धोका निम्म्यावर येतो. सोडायची ती पूर्ण सोड. जमलं नाही तर मदत घे, निकोटिनची गोळी, पट्टी, समुपदेशन, काहीही. आणि जिममध्ये कुणी स्नायू वाढवायची इंजेक्शनं सुचवली तर तिथून उठून ये. त्या स्टिरॉइड्सनी हृदय जाड आणि कमजोर होतं.

हालचालीबद्दल माझं आवडतं उदाहरण लंडनच्या बसचं आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. एकच कंपनी, त्याच बस. एक दिवसभर बसून, दुसरा दिवसभर जिने चढत-उतरत. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर तितका जीवघेणा ठरत नव्हता. तू आठ-दहा तास खुर्चीत असतोस, म्हणजे ड्रायव्हरच आहेस. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, एवढं पुरे. आठवड्यातून दोन दिवस वजन उचल. एक मात्र नीट लक्षात ठेव. व्यायाम करता करता चक्कर येऊन पडलास, किंवा नात्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून न देता हृदयाची तपासणी करून घ्यायची.

खाण्यावर फार लिहीत नाही. त्यावर सगळेच बोलतात आणि तुलाही माहीत आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चमचाभर. त्यातलं किती पाकिटबंद खाण्यातून येतं ते पाकिटामागचं बारीक अक्षर वाचून बघ. भाज्या, फळं, कडधान्यं, सुकामेवा जास्त, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल नको. झोपेबाबत मात्र मी भीड ठेवणार नाही. तू रात्री दोनपर्यंत ऑनलाइन असतोस. सात तास झोप ही चैन नाही. रात्री झोपेत बीपी उतरतं, तेवढीच हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना विश्रांती. ती रोज कापत गेलास तर दिवसाचं बीपीही हळूहळू चढतं.

आता ज्यासाठी खरं तर मी हे पत्र लिहायला घेतलं ते.

एक रात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पहाटे चार वाजता चाळिशीतला एक माणूस आला, स्वतः गाडी चालवत. छातीला ईसीजीचे रबरी फुगे लावायला गेले तर एकही टिकेना. अंग गार आणि घामाने थबथबलेलं, फुगे निसटून गादीवर पडत होते. टॉवेलने पुसलं, लावले, पुन्हा निसटले. तिसऱ्यांदा पुसून हाताने दाबून धरले तेव्हा कुठे कागद निघाला, आणि तो पाहून मी डॉक्टरांना हाक मारली. त्याला रात्री दहापासून त्रास होत होता. ॲसिडिटीची गोळी घेतली, सोडा प्याला, घरात येरझाऱ्या घातल्या. सहा तास. धमनी बंद झाली की अर्ध्या तासाच्या आत स्नायू मरायला लागतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. तो वाचला, पण हृदयाची ताकद निम्म्यावर आली. पुढे तपासणीला आला की एक जिना चढून मिनिटभर कठड्याला धरून उभा राहायचा. एकदा म्हणाला, ‘सिस्टर, दुखत नव्हतं हो. नुसतं जड वाटत होतं.’

तेच लक्षात ठेव. पुष्कळदा दुखत नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं, आवळल्यासारखं, जळजळल्यासारखं वाटतं. जबडा, खांदा, डावा हात, पाठ, पोटाचा वरचा भाग, कुठेही. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी कधी नुसती धाप, मळमळ, विलक्षण थकवा. असं काही अचानक सुरू झालं, सोबत दरदरून घाम आला, दहा मिनिटांत ओसरलं नाही, तर कारण शोधत बसायचं नाही. ॲम्ब्युलन्स बोलवायची, स्वतः गाडी चालवायची नाही, दुसऱ्याची जिभेखालची गोळी ठेवायची नाही. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी घरी जायची घाई करायची नाही. अटॅकच्या सुरुवातीला तो नॉर्मल असू शकतो, म्हणून थोड्या वेळाने परत काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात येणारं प्रथिन, बघतात. बाबाही ‘गॅस झालाय, सकाळी बघू’ म्हणत होते ना? आईने ऐकलं नाही म्हणून ते तासाभरात पोचले.

आणि सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, ते शिकून घे. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण असतं. माणूस कोसळला, हाक मारून हलला नाही, श्वास नीट नाही, तर मदतीला फोन, आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. काहीच न करता गेलेल्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि बहुतेक हृदयं घरातच थांबतात. तुझ्या घरी आता दोघंही पन्नाशीपुढचे आहेत.

येत्या रविवारी सकाळी तुझं बीपी वर लिहिल्याप्रमाणे मोज आणि दोन्ही हातांचे आकडे मला पाठव. रक्ताची तपासणी या महिन्यात उरकून टाक. बाबांना स्टेंटनंतर रक्त पातळ राहण्याच्या ज्या दोन गोळ्या दिल्यात, त्या बरं वाटतंय म्हणून, दात काढायचाय म्हणून, किंवा संपल्या आणि आणायचं राहिलं म्हणून, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद होऊ द्यायच्या नाहीत. मधेच थांबल्या तर स्टेंटमध्येच गुठळी धरू शकते. पाकिटं कुठे ठेवली आहेत ते आज रात्री बघून ठेव. किती दिवसांच्या उरल्यात तेही मोज.

तुझी,
मावशी